गाडी आली दारात, गॅरेज करणार कुठे?

पहिलं प्रमोशन, पहिली कार आणि मग पहिलं भांडण... शेजाऱ्याशी! संध्याकाळी सातनंतर नाशिकच्या कुठल्याही कॉलनीत एक चक्कर मारून बघा. गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की गोविंदनगर. आईबाबांनी हौसेनं बांधलेल्या बंगल्याच्या गेटमधून स्कूटर आरामात आत जाते, पण नवी कोरी कार मात्र रस्त्यावर, कडुनिंबाखाली.

मग कुणीतरी आयडिया देतंच. ‘अरे, घराच्या बाजूला एवढी जागा पडलीय की! एक भिंत घाल, वर पत्रे टाक, पुढे शटर लाव. आठवड्याचं काम!’ मिस्त्रीपासून मामापर्यंत सगळ्यांचं यावर एकमत असतं.

जरा थांबा. ती जागा ‘पडलेली’ नाहीये.

मार्जिन म्हणजे काय रे भाऊ?

नियमांच्या भाषेत तिला सामासिक अंतर म्हणतात, बोलीभाषेत मार्जिन. घराला उजेड-वारा मिळावा, आग लागली तर माणसांना बाहेर पडता यावं आणि बंबवाल्यांना आत शिरता यावं म्हणून ती मोकळी सोडलेली असते. ती किती हवी हे प्लॉट, समोरचा रस्ता आणि इमारतीची उंची यांवर ठरतं.

आता साधं गणित करा. नियमाप्रमाणे एका कारची जागा 2.5 मीटर बाय 5 मीटर, म्हणजे साधारण 135 चौरस फूट. बाजूचं मार्जिन दीड मीटर असेल तर गाडी मावणारच नाही. तीन मीटर असेल तर गाडी मावेल, पण भिंतीसकट गॅरेज जवळपास सगळं मार्जिन गिळून टाकेल. आणि हो, उघड्यावर गाडी लावणं वेगळं आणि गॅरेज बांधणं वेगळं. 2016 च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. थोडक्यात, बांधकाम!

सवलत मिळते, पण...

अमेरिकेत ऑनसाइट जाऊन आलेल्या मित्राला विचारा. तिथे अशा वेळी ‘व्हेरियन्स’ मागतात. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, सुनावणी होते. आपल्याकडेही याच्या जवळ जाणारी सोय आहे. मुंबई वगळता बहुतेक राज्याला डिसेंबर 2020 पासून एकच नियमावली लागू झाली, ती म्हणजे ‘यूडीसीपीआर’. तिच्या नियम 2.4 नुसार, दाखवून देता येईल अशी खरी अडचण असेल तर महापालिका विशेष लेखी परवानगीनं मोजमापांत शिथिलता देऊ शकते. त्यासाठी प्रीमियम भरावा लागू शकतो, अटीही येऊ शकतात. आरोग्य, आग, बांधकामाची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना मात्र धक्का लागता कामा नये.

आणि तीन गोष्टींत शिथिलता नाही म्हणजे नाही: रस्त्याच्या हद्दीपासून सोडायचं अंतर, एफएसआय आणि पार्किंगची अट. म्हणजे गेटजवळच्या पुढच्या मार्जिनमध्ये गॅरेजचं स्वप्न बघत असाल, तर ते इथेच सोडा. बाजूला किंवा मागे मागायचं तर अडचण ‘खरी’ हवी. प्लॉटच वेडावाकडा आहे किंवा जुन्या घरामुळे दुसरीकडे जागाच उरत नाही, हे सांगता येईल. उन्हानं गाडीचा रंग उडतो, ही काही अडचण नव्हे. ती गैरसोय!

कपाट आठवतंय ना?

‘एवढ्याशा पत्र्याला कोण विचारतंय?’ असं म्हणणाऱ्यांना नाशिकचंच उदाहरण द्या. इथल्या फ्लॅट्समध्ये कपाटाची जागा एफएसआयमध्ये धरली जात नव्हती. अनेक बिल्डरांनी ती गुपचूप खोलीत घेतली. मोजणीत जादा बांधकाम भरलं आणि कित्येक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले वर्षानुवर्षं अडकले. ज्यांनी कपाट केलं ते बिल्डर आणि ईएमआय भरत ताटकळले ते तुमच्या-आमच्यासारखे नोकरदार. कपाटानं ही वेळ आणली, गॅरेज तर त्याहून मोठं!

मग करायचं काय?

• आधी मंजूर नकाशा शोधा. बाबांच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या फाइलमध्येच सापडेल.

• परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनीअरकडून प्रत्यक्ष मापं घ्या. कदाचित नियमात बसणारी जागा मिळेल आणि शिथिलतेची गरजच उरणार नाही.

• दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटना परवानगीची प्रक्रिया खूप सोपी झालीय, हे खरं. पण ती नियमात बसणाऱ्या नकाशासाठी. शिथिलता हवी तर रीतसर अर्जच करावा लागतो.

• नकार आला तर एमआरटीपी कायद्याच्या कलम 47 खाली 40 दिवसांत सरकारकडे अपील करता येतं.

• आधीच बांधून बसलात आणि कलम 53 ची नोटीस आली? नोटिशीत दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. पण तो मंजूर होईलच, याची खात्री कुणी देणार नाही.

• आणि अर्जाआधी शेजारच्या काकांशी बोला. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी तुमच्या गॅरेजच्या भिंतीकडे उघडत असेल, तर त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

जपानमध्ये 1962 च्या कायद्यापासून गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला लागतो. आपल्याकडेही 2025 मध्ये परिवहन मंत्र्यांनी तशी कल्पना मांडली होती. तेव्हा शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह घेण्याआधी टेप घेऊन अंगण मोजलेलं बरं. गाडी पाच-सात वर्षांत बदलता येते. घर मात्र कधीतरी कर्जासाठी किंवा विक्रीसाठी बँकेसमोर, वकिलासमोर जातं आणि तिथे मंजूर नकाशा मागितला जातो. त्यात नसलेलं गॅरेज तेव्हा फार महाग पडतं.