शिसवाचे फुटवे राखावेत

सह्याद्रीच्या पानझडी जंगलांत व डोंगरउतारावरील शेतांच्या बांधांवर शिसव हा वृक्ष आढळतो. रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या उत्तरेकडील शिसूशी त्याची पुष्कळदा गल्लत होते. शिसूच्या पर्णिकेचे टोक निमुळते असते. शिसवाची पर्णिका गोलसर असून टोकाशी बोथट किंवा किंचित खाच पडलेली असते.

शिसवाचे सारे मोल त्याच्या जांभळट-काळ्या गाभ्यात आहे. बैलगाडीची चाके व औते यांपासून एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडविलेल्या कोरीव खुर्च्या-मेजांपर्यंत हेच लाकूड वापरले गेले. परंतु हा गाभा फार सावकाश भरतो. कोवळे झाड तोडल्यास हाती येते ते बहुतांशी बाहेरचे पांढुरके लाकूड, आणि त्यास कीड लवकर लागते. वाशासाठी असे झाड तोडणे म्हणजे पोटरीतले पीक कापण्यासारखे आहे.

शिसवाच्या उथळ मुळांना फाळाचा किंवा कुदळीचा घाव लागला की तेथून फुटवे येतात. ते झुडूप समजून उपटले जातात, ही खरी हानी होय. बांधालगतचे एक-दोन सरळ, जोमदार फुटवे राखून त्यांस काट्यांचे कुंपण करावे, कारण गुरे पाला आवडीने खातात. वणव्यापासूनही पहिली काही वर्षे जपावे. मुळांचे तुकडे पावसाळ्याच्या आरंभी लावूनही रोपे तयार करता येतात.

शिसवाच्या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून नियंत्रण आहे. झाड स्वतःच्या बांधावरचे असले तरी तोडीपूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी.