ज्ञानाची खुली ठेव

शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरताना महाविद्यालयाचे शुल्क आणि वसतिगृह यांच्याबरोबर पुस्तकांचा खर्चही धरला जातो. आकडा तुलनेने लहान असल्याने पालकांचे त्याकडे फारसे लक्ष जात नाही. परंतु दिल्लीसारख्या महानगरात घरभाडे आणि खानावळ भागवून उरलेल्या पैशांत संदर्भग्रंथ घेण्याची वेळ येते, तेव्हा तोच आकडा जड होतो. मग विद्यार्थ्याची पावले झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतात.

अशाच एका दुकानाचे नाव देशाच्या कायद्याच्या इतिहासात नोंदले गेले. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसमध्ये अभ्यासक्रमाला नेमलेल्या ग्रंथांतील निवडक भागांचे संच मिळत. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी हे दुकान व दिल्ली विद्यापीठ यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील अध्यापनासाठीची सवलत मान्य केली. मात्र काही मुद्द्यांच्या तपासणीसाठी दावा पुन्हा सुनावणीस पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला.

विद्यार्थ्यांना दिलासा मिळाला, हे खरे. तरीही ती सवलत दुसऱ्याच्या मालमत्तेवरची आहे. झेरॉक्स केलेल्या प्रकरणात सुधारणा करून, त्याचे मराठी भाषांतर करून ते सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याची मुभा तिच्यातून मिळत नाही. ही उणीव मुक्त परवाना भरून काढतो. ‘माझे नाव राखून हे साहित्य वापरा, वाटा, बदला’, अशी परवानगी लेखक आधीच देऊन ठेवतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००१ मध्ये आपले अभ्याससाहित्य खुले करण्याचा संकल्प जाहीर केला आणि २००२ मध्ये युनेस्कोच्या व्यासपीठावर ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली.

राजधानीतही अशी संपदा उभी राहिली आहे. मैदानगढी येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या ‘ई-ज्ञानकोश’ संग्रहातून अभ्यासपुस्तिका विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र वेगळा उल्लेख नसेल, तर तेथील हक्क राखीव असतात. म्हणजे साहित्य मोफत आहे, पण मुक्त नाही. हा भेद वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावा. हौज खासची आयआयटी ज्यात सहभागी आहे, तो ‘एनपीटेल’ हा सात आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये आरंभिलेला उपक्रम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली व्याख्याने उपलब्ध करून देतो.

अर्थात विद्यार्थ्याला विनामूल्य मिळणारी वस्तू विनाखर्च तयार होत नाही. प्राध्यापकाचा वेळ, तज्ज्ञांकडून तपासणी, संपादन, चित्रीकरण या साऱ्यांस पैसा लागतो. एनपीटेलला तो केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याकडून मिळाला. शिवाय दुसऱ्या ग्रंथातील आकृती जशीच्या तशी उचलता येत नाही. परवानगी घ्यावी लागते किंवा ती नव्याने काढावी लागते.

या परिश्रमांचे फळ भाषांतरात दिसते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील संगणकाचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. मूळ साहित्य मुक्त असले, की गावाकडच्या विद्यार्थ्यापर्यंत ते त्याच्या भाषेत पोहोचू शकते.

आपले पाल्य महाविद्यालयात असेल, तर महागडे पुस्तक घेण्यापूर्वी मुक्त साहित्याचा शोध घ्यावा. आपण अध्यापक असाल, तर स्वतःच्या टिपणांवर परवान्याची एक ओळ अवश्य लिहावी. बँकेतील ठेव एका खातेदाराची असते. या ठेवीतून मात्र कोणीही, कितीही वेळा काढावे. शिल्लक तेवढीच राहते.