आधी दिसणारा उजेड: स्टुडिओ फ्लॅशचा मॉडेलिंग लॅम्प

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाचा विचार केला. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून अग्नी आहे असं आपण म्हणतो. दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणाऱ्या गोष्टीकडे जायचं. आज तीच वाट एका यंत्रात शोधू. आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाचा मास्तर फोटो स्टुडिओत कशाला शिरला? पण बघा, आम्हां मंडळींना वर्गात जे फळ्यावर काढून दाखवावं लागायचं, ते तिथे स्टँडवर उभं असतं.

फ्लॅशची अडचण सरळ आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक झोताने धावती वस्तू गोठवून दाखवली. स्टुडिओतला आजचा फ्लॅश त्याच कुळातला. त्याचा झोत साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा टिकतो. एवढ्या वेळात नाकाची सावली ओठावर पडली की गालावर, हे डोळ्याला कळत नाही. त्याआधीच्या सततच्या दिव्यांत छायाचित्रकाराला जे दिसायचं, तेच मिळायचं. फ्लॅशने ते दिसणं काढून घेतलं. म्हणून फ्लॅशच्या नळीच्या मधोमध एक साधा, सतत जळणारा दिवा बसवतात. तो मॉडेलिंग लॅम्प. फोटो काढायचा फ्लॅशने, पण सावली आधी बघून घ्यायची या दिव्याने.

म्हणजे हा दिवा आपला धूर झाला. तो काय सांगतो आणि किती खरं सांगतो, एवढाच आजचा प्रश्न.

दिशेच्या बाबतीत तो जवळजवळ नेहमी खरा. नळी आणि दिवा एकाच जागी, पुढे तोच सॉफ्टबॉक्स किंवा तीच छत्री. त्यामुळे सावली कुठे पडेल, तिची कड धारदार असेल की मऊ, चष्म्याच्या काचेत चमक येईल का, हे दिवा सांगतो. अंतर वाढलं की दोन्ही उजेड सारख्याच नियमाने कमी होतात, तिथेही फसवणूक नाही. अगदी अरुंद नळकांडं लावलं तर थोडा फरक पडतो, कारण नळी गोलाकार आणि दिवा मध्यात. तो सोडून देऊ.

खरी गंमत तीव्रतेची. बहुतेक फ्लॅशवर या दिव्याच्या तीन-चार सेटिंग असतात: बंद, फुल, प्रपोर्शनल (पॅनेलवर बहुधा 'प्रॉप'), आणि काहींवर हाताने टक्के ठरवण्याची सोय. प्रपोर्शनलमध्ये फ्लॅशची शक्ती निम्मी केली की दिवाही त्या प्रमाणात मंदावतो. फुलमध्ये फ्लॅश कितीही असो, दिवा आपला पूर्ण तेजात.

समजा, एका आजींचा फोटो काढायचा आहे. घरच्यांना तो मोठा करून भिंतीवर लावायचा आहे, आणि आजींना तासभर बसवत नाही. दोन सारखे फ्लॅश, सारखे सॉफ्टबॉक्स, सारखं अंतर. मुख्य फ्लॅश 1/2 शक्तीवर, सावली भरणारा दुसरा 1/8 वर. म्हणजे पहिल्याचा उजेड दुसऱ्याच्या चौपट. दिवे जर फुलवर असतील तर दोन्ही सारखेच जळतात, चेहरा दोन्ही बाजूंनी उजळ, सपाट दिसतो. आपण खूश. फोटोत मात्र एक गाल अंधारात बुडालेला आणि प्रत्येक सुरकुती खोदल्यासारखी. प्रॉपवर दिवे असते तर हे आधीच दिसलं असतं. सुरकुत्या दाखवायच्या की नाहीत हा निर्णय आहे, आणि तो घेण्यासाठी त्या आधी दिसायला हव्यात.

मग प्रॉप लावलं की काम झालं का? इथे नैयायिकांचा 'उपाधी' आठवा. धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण अग्नी तिथे धूर, हे फक्त लाकडं ओली असतील तरच. ओलं सरपण ही उपाधी, म्हणजे मुकाट्याने गृहीत धरलेली अट. प्रॉप सेटिंगमागेही अशा ओल्या लाकडांचा ढीग आहे.

पहिली अट, दोन्ही फ्लॅशची कमाल शक्ती सारखी हवी. एक 400 वॅट-सेकंदांचा आणि दुसरा 200 चा असेल, दोन्हींत दीडशे वॅटचाच दिवा असेल आणि दोन्ही पूर्ण शक्तीवर असतील, तर दिवे सारखे दिसतील आणि झोत मात्र दुप्पट-निम्मे पडतील. अशा वेळी लहान फ्लॅशचा दिवा हाताने उतरवायचा. किती? पॅनेलवरच्या टक्क्यांवर फार विसंबू नये, कारण हॅलोजनला वीज निम्मी दिली तर उजेड निम्म्याहून बराच कमी होतो. हातातला लाइट मीटर सततच्या उजेडावर ठेवून एकेक दिवा वेगळा मोजावा. डोळा यात कच्चा साक्षीदार आहे. उजेड निम्मा झाला तरी त्याला 'थोडा कमी' एवढंच वाटतं. 1860 मध्ये फेश्नरने संवेदनेवरचा ग्रंथ लिहिला, त्यातला मुख्य मुद्दा हाच.

दुसरी अट, खोलीतला इतर उजेड बंद हवा. खिडकी उघडी असेल तर ती दोन्ही गालांवर उजेड ओतते आणि दिव्यांचं प्रमाण पुसलं जातं. पडदे ओढा, ट्यूबलाइट घालवा.

पण खोली अंधारी आणि फ्लॅश 1/32 वर असला, तर प्रॉपवरचा दिवा इतका मिणमिणता होतो की कॅमेऱ्याला फोकसही मिळत नाही. इथे बरेच लोक कंटाळून फुल लावतात. तसं करायची गरज नाही. आपल्याला हवं आहे ते दिव्यांमधलं आपसातलं प्रमाण. दिवा आणि त्याचा स्वतःचा झोत यांचं प्रमाण काही आपण डोळ्याने बघत नाही. म्हणून सर्वांत जोरदार फ्लॅशचा दिवा पूर्ण ठेवा आणि बाकीचे त्याच्या हिशेबाने उतरवा. काही संचांत ही सोय तयारच असते. नसेल तर पुन्हा मीटर.

आता एका गोष्टीबद्दल हा दिवा काहीच सांगत नाही: फोटो किती उजळ येईल. ते फ्लॅश मीटरने किंवा एक फोटो काढूनच कळतं. उलट दिवाच फोटोत घुसू शकतो. 1/125 सेकंद आणि एफ/8 वर त्याचा वाटा नगण्य. पण पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ/2 वर आलात आणि शटर 1/30 केलंत, तर दिव्याचा उजेड 64 पट जास्त नोंदला जातो. फ्लॅश तुम्ही 16 पट कमी केलेला असतो, म्हणून फोटो प्रमाणात दिसतो, फक्त त्वचेवर नारिंगी झाक येते. हॅलोजन साधारण 3200 केल्विनचा, फ्लॅश 5500 च्या आसपास. एलईडीचा रंग बहुधा फ्लॅशजवळचा असतो, म्हणून ती घुसखोरी लक्षातही येत नाही. अशा वेळी प्रॉप बरं, नाहीतर फोटो घेताना दिवा आपोआप विझेल अशी सेटिंग.

आणखी एक. समोरचा माणूसही हा उजेड बघत असतो, हे आम्हांला महत्त्वाचं वाटतं. दिवा तेज असला की बाहुली लहान होते आणि डोळ्यांचा रंग दिसतो. मंद असला की बाहुली मोठी, डोळे काळे, खोल. पण मोतीबिंदू असलेल्या आजींना फुलवरचा दिवा टोचतो, त्या डोळे मिटतात. तेव्हा आजींना विचारून दिवा उतरवा.

प्रश्न आला आहे की कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो लगेच दिसतो, मग हवा कशाला हा खटाटोप? पडदा झालेली गोष्ट दाखवतो. आजींनी मान किंचित वळवली आणि नाकाची सावली गालाला भिडली, तो क्षण दिवाच दाखवतो, आणि 'असंच राहा हं' असं आपण त्याच क्षणी म्हणू शकतो.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. हॅलोजन खूप तापतो. त्याला उघडी बोटं लावू नयेत, तेलाचा डाग राहून काच फुटू शकते. सॉफ्टबॉक्सला किती वॅट चालतात ते पुस्तिकेत बघा. अरुंद नळकांडं लावलं असेल तर दिवा कमीवर ठेवा. साडेसहाशे वॅटचे दोन दिवे एका 6 अँपिअरच्या सॉकेटवर टाकलेत तर 1300 वॅट तिथेच झाले, सॉकेटची मर्यादा 1380, आणि फ्लॅश भरायला लागणारी वीज अजून बाकीच आहे. वीस-तीस वॅटचा एलईडी इथे फार सुखाचा. आणि हो, काम संपल्यावर दिवा बंद करून पंखा थोडा वेळ चालू द्या, मगच बटण काढा.