उशिरा पोहोचलेला श्याम

आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ या चित्रपटास १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. त्यातील कोकण हेच आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांचे कोकण. म्हणूनच ती माता मॉरिशसच्या मराठी घरांस परकी वाटत नाही.

परंतु तिचे दुःख मला खरे उमगले ते सौदी अरेबियात. रियाधला रत्नागिरीकडच्या एका कामगार बांधवाच्या खोलीत आम्ही हा चित्रपट पाहत होतो. आई अंथरुणास खिळताच तो मुकाट्याने बाहेर गेला. त्याच्या मातोश्री वारल्या त्या काळी मालकाच्या अनुमतीवाचून देश सोडता येत नसे. ही अट बहुतेक कामगारांपुरती २०२१ साली दूर झाली. त्याला अनुमती मिळाली तोवर दहावाही उरकला होता. साने गुरुजींच्या कथेतला श्यामही आईच्या अंतकाळी दूरच होता.

करारावर अंगठा उठवून जहाजावर चढलेल्या आपल्या पणजोबांच्या आयांनीही दारात अशीच वाट पाहिली असेल. म्हणून, ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी पडद्यावरील मातेसाठी अश्रू ढाळून झाल्यावर त्याच रात्री त्यांच्यापाशी घटकाभर जाऊन बसावे.