बुधवार पेठेवरचा न पोहोचणारा हिमवर्षाव

पावसाळा सरल्यानंतर बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकातून मान वर केली, तर दुकानांच्या पाट्यांपलीकडे कधी कधी पिंजलेल्या कापसासारखे शुभ्र धागे आकाशात पसरलेले दिसतात. हे ‘सिरस’ म्हणजेच तंतुमेघ. त्यांना पाहून कोणी छत्री उघडत नाही. तरीही त्यांतून हिमकण पडतच असतात. ते जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, एवढेच.

‘सिरस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ केसांची कुरळी बट. इंग्रज अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये ढगांचे वर्गीकरण मांडताना हे नाव दिले. उष्ण कटिबंधात हे ढग साधारणतः ६ ते १८ किलोमीटर उंचीवर आढळतात. पुण्यावर १२ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली असते. तेथे वर चढणारी हवा थंड होते आणि तिच्यातील बाष्प सूक्ष्म धूलिकणांवर हिमस्फटिकांच्या रूपाने जमते. स्फटिक वाढून जड झाले, की खाली येऊ लागतात. खालच्या थरांत वाऱ्याचा वेग निराळा असल्याने ते मागे रेंगाळतात आणि ढगाला आकड्यासारखी वळलेली शेपटी फुटते. पुढे कोरड्या हवेत त्यांचे संप्लवन होते. म्हणजे पाणी न होता बर्फाची थेट वाफ होते.

उंचावरील ढगांचे प्रकार तीन. सुटे तंतू म्हणजे सिरस. बारीक दाण्यांची किंवा लहरींची नक्षी म्हणजे सिरोक्युम्युलस. हात लांब केल्यास त्याचा एकेक दाणा करंगळीआड झाकतो. संपूर्ण आकाशावर विरळ मलमल पसरावी तसा सिरोस्ट्रेटस. चंद्राला खळे पडते ते बहुधा याच्यामुळे. षट्कोनी स्फटिकांतून प्रकाश वळतो आणि चंद्रापासून २२ अंशांवर कडे उमटते. लांब केलेल्या हाताची ताणलेली वीत साधारण तेवढीच भरते.

पावसाळ्यात या ढगांचा उगम बहुधा गडगडाटी ढगांच्या ऐरणीसारख्या पसरट माथ्यात असतो. त्या काळात दक्षिण भारतावर १४ ते १६ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून वेगवान वारे वाहतात. बंगालच्या उपसागरावरील मेघांचे माथे ते पश्चिमेकडे ओढत आणतात.

हे ढग निरुपद्रवी भासले, तरी हवामानाच्या हिशेबात ते नगण्य नाहीत. विरळ सिरस सूर्यप्रकाश बराचसा आत येऊ देतो. मात्र जमिनीतून निघणारी उष्णता अडवतो. त्यामुळे दाट सखल ढग पृथ्वीला निववतात, तर विरळ तंतुमेघ एकंदरीत तिची ऊब वाढवतात. उंचावरून जाणाऱ्या विमानांमागील पांढऱ्या रेषाही दमट थंड हवेत पसरून अशाच ढगांचे रूप घेतात. म्हणूनच पाऊस न देणाऱ्या या धाग्यांकडे दुर्लक्ष करून तापमानवाढीचा अंदाज बांधता येत नाही.