नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर संगणक बंद पडतो?

आधी तो बंद कसा पडतो ते पाहा. गेम सुरू होताच पडदा काळा होऊन संगणक आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर पहिला संशय पॉवर सप्लायवर घ्यावा. मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० ला ३२० वॅट लागतात आणि कंपनी ७५० वॅटचा सप्लाय सुचवते. एवढा मोठा फरक ठेवण्यामागे कारण आहे. भार एकदम वाढला की क्षणभर मागणी ठरलेल्या आकड्याच्या बरीच वर उसळते आणि सप्लायचं संरक्षक सर्किट वीज तोडतं. म्हणून सरासरी वापर मोजून ‘पुरेल की’ म्हणणं फसवं ठरतं. कार्डाला आठ पिनांची दोन तोंडं असतील, तर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल ओढाव्यात. एकाच केबलच्या दोन फाट्यांवर भागवू नये. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं म्हणजे सप्लाय खराब, असं मात्र नाही. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती नोंद सांगते.

निळा पडदा येत असेल किंवा चित्र गोठत असेल, तर ड्रायव्हर तपासा. एएमडीच्या जागी एनव्हिडियाचं कार्ड आलं असल्यास जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या मोफत साधनाने पुसून मगच नवा टाकावा.

आणि दुसऱ्या सप्लायच्या मॉड्युलर केबल कधीही वापरू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते. कार्ड जळू शकतं.