कीबोर्डची स्मरणशक्ती

आमच्या वसाहतीतल्या गणेशोत्सवात हौशी गायकांचा कार्यक्रम होता आणि कीबोर्डवर मी होतो. आधी एका ताईंचे भावगीत झाले. त्यांची पट्टी काळी चार. मी बोटे नेहमीच्या पांढरी एकवरच ठेवली आणि ‘ट्रान्सपोज’चे बटण दाबून वाद्य चार अर्धस्वर खाली आणले. गाणे रंगले. त्यानंतर शेजारचे एक निवृत्त काका उभे राहिले. त्यांची पट्टी काळी एक. तीन आठवडे ते रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन एकच गाणे घोटत होते. मी सुरुवातीची धून वाजवली, त्यांनी मुखडा उचलला, आणि दुसऱ्याच ओळीत खालचे सूर त्यांना सापडेनात. तबलजीने माझ्याकडे पाहिले. काका थांबले आणि हात जोडून म्हणाले, ‘‘क्षमा करा, आज घसा बसलाय.’’

घसा बसला नव्हता. पडद्यावरचा वजा चार हा आकडा मी तसाच ठेवला होता. काळी एकऐवजी काका काळी चारमध्ये, म्हणजे पाच अर्धस्वर खाली गात होते.

मंडळी, कीबोर्ड विकत घेताना आपण आवाज किती, ताल किती, हे हटकून विचारतो. बसवलेली मांडणी जपून कशी ठेवायची, हे मात्र विचारत नाही. पेटीला हा प्रश्नच नसतो. पेटीवर काळी एक वाजवली की काळी एकच वाजते. कीबोर्डवर तीच पट्टी दाबून कोणता सूर येईल, हे आधी केलेल्या सेटिंगवर अवलंबून असते.

सिंथेसायझरला सुरुवातीपासून स्मरणशक्ती होती असेही नाही. 1970 साली आलेल्या ‘मिनिमूग’वर एखादा आवाज साधला, की वादकांना प्रत्येक खुंटी कुठे होती हे कागदावर टिपून ठेवावे लागे. पुढच्या गाण्याला त्या खुंट्या पुन्हा हाताने फिरवायच्या. 1978 मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या ‘प्रॉफेट-5’ या वाद्याने 40 आवाज स्वतःच्या स्मृतीत साठवले आणि एका बटणावर आणून दिले. 1983 मध्ये याच स्मिथ यांनी आणि जपानच्या इकुतारो काकेहाशी यांनी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलतील अशी ‘मिडी’ ही पद्धत जगापुढे आणली. वादकाचे कष्ट वाचले. पण यंत्राची स्मृती आपली चूकही तितक्याच इमानाने सांभाळते.

ही स्मृती समजून घ्यायला शाळेतली पाटी आणि वही आठवा. आत्ता या क्षणी जे वाजते आहे, ती पाटी. बासरीचा आवाज निवडला, लय वाढवली, पट्टी बदलली, हे सगळे पाटीवर लिहिले जाते. दुसरे सेटिंग बोलावले किंवा वाद्य बंद केले, की पाटी पुसली जाते. टिकवायचे असेल तर ते वहीत उतरवावे लागते. बऱ्याच कीबोर्डांवर या वहीला ‘रजिस्ट्रेशन मेमरी’ म्हणतात. मेमरीचे बटण दाबायचे आणि मग क्रमांकाचे, इतकेच काम. घरी रात्रभर बसून लावलेला आवाज सकाळी नाहीसा होतो, तो बहुधा पाटीवरच राहिल्यामुळे.

वहीत काय लिहायचे? गाण्यागणिक बदलते ते सारे. उजव्या हाताचा आवाज, डाव्या हाताचा आवाज, दोहोंची हद्द म्हणजे ‘स्प्लिट’, ताल, लय आणि गायकाची पट्टी. एका गाण्याला एक बटण, हा माझा आताचा नियम आहे. बटण दाबले की आधीच्या गाण्याचा मागमूस राहता कामा नये. इथे एक खाचखळगा आहे. पट्टी या नोंदीत धरायची की नाही, हे काही कीबोर्डांत वेगळे ठरवावे लागते. म्हणून नोंद करून वाद्य बंद करा, पुन्हा चालू करा आणि तेच बटण दाबून पाहा. पडद्यावर योग्य आकडा आला, तरच नोंद झाली असे समजा.

काही गोष्टी मात्र गाण्याच्या नसून साऱ्या वाद्याच्या असतात. ‘मास्टर ट्यूनिंग’ त्यातलेच. कारखान्यातून ते बहुधा मधल्या ‘ए’ला 440 हर्ट्झ असे येते. साथीची पेटी किंवा बासरी किंचित चढी असेल, तर कीबोर्ड तिच्याशी मिळवा, कारण पेटीचे सूर ऐनवेळी बदलत नाहीत. कार्यक्रम संपला की आकडा मूळ जागी आणा. पायातल्या पेडलचीही एक गंमत आहे. वाद्य चालू करताना त्यावर पाय असला, तर अनेक कीबोर्डांत ते उलटे चालते. पाय काढल्यावर सूर लांबत राहतात. बंद करून, पाय बाजूला ठेवून पुन्हा चालू केले की ठीक होते. वाद्य चालू आहे, पडदा उजळला आहे, आवाजही वाढवलेला आहे आणि तरी सूर निघत नाही, असे झाले तर ‘लोकल कंट्रोल’ बंद आहे का ते बघा. संगणकाला जोडताना ते बंद केलेले असते आणि मग विसरते. यातल्या कितीतरी तक्रारी घेऊन लोक दुरुस्तीवाल्याकडे जातात.

आणखी एक काळजी. गोंधळ झाला की ‘फॅक्टरी रीसेट’ करा, असा सल्ला कुणीही देतो. त्याने वाद्य नव्यासारखे होते, पण तुमची वहीही कोरी होऊ शकते. जुन्या काही वाद्यांत ही स्मृती आतल्या छोट्या बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की नोंदी गेल्या. म्हणून सोय असेल तर पेनड्राइव्हवर प्रत काढा. आणि एक कागद हवाच: गाणे, गायक, पट्टी, बटणाचा क्रमांक. तो कागद कीबोर्डवर चिकटवा.

त्या संध्याकाळी उठून ‘चूक माझी’ असे मी माइकवर सांगायला हवे होते. नाही सांगितले. रात्री काकांच्या घरी गेलो आणि पडद्यावरचा आकडा काय होता ते कबूल केले. ते हसले, पण काकू म्हणाल्या, ‘‘अहो, आल्यापासून ते मीठ-पाण्याच्या गुळण्या करताहेत.’’

पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा उभे राहायला मला फार विनवावे लागले. त्यांच्या गाण्याचे बटण दाबले, पडद्यावर अधिक एक दिसले, तरी मी षड्ज एकदा वाजवून त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. मग सुरू केले.